जातेच आहे तर

सत्यशीला साळवे एकाच कामासाठी घराबाहेर पडली, असं राहुरीत कोणी पाहिलेलं नव्हतं. बँकेत गेली तर येताना दळण आणायची, दळणाला गेली तर गिरणीवाल्याच्या भावाला यंदा आपल्या नर्सरीतली मिरचीची किती रोपं लागतील ते ठरवून यायची. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना तिच्या तोंडून "जातेच आहे तर" एवढं निघालं, की नवरा कल्याण मुकाट्यानं दुसरी पिशवी काढून द्यायचा. कोल्हारला नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेली, तेव्हा नवरदेवाच्या मामानं मागवलेले फ्लॉवरच्या रोपांचे ट्रे तिनं मांडवामागंच उतरवले आणि जेवणाच्या पंगतीत दोन नवी गिऱ्हाइकं जोडली. लेक प्रज्ञा जन्मली त्या दिवशी तर कमालच. "कळा अजून लांबलांब येतायत, जातेच आहे तर," म्हणत तिनं दवाखान्याच्या वाटेवर घरपट्टी भरली. पावतीवरची तारीख आणि पोरीच्या जन्मदाखल्यावरची तारीख एकच आहे, हे कल्याण अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तो स्वतः कृषी विद्यापीठात क्लार्क आहे. संध्याकाळी सुटतो, आणि सुटला की सुटतो.

हसणारे हसोत, पण हिशोबाला बसलं तर बाईचं चुकत नव्हतं. रस्त्याला लागून शेडनेटची नर्सरी, हाताखाली बाया, बचत गटाचं अध्यक्षपद, पोरीचं पुण्यातलं कॉलेज, विहारातल्या कार्यक्रमाचा स्वयंपाक. यातलं एकही काम अर्धवट पडलंय असं कोणी दाखवून द्यावं. रात्री वेळेवर झोपायची, सकाळी हसत उठायची. "वेळ नाही" हे वाक्य तिच्या मते आळशी माणसांचं. "वेळ कुठं नसतो? दोन कामांच्या मधे सांडलेला असतो," ती नर्सरीतल्या बायांना सांगायची. "वेचून घ्यायचा."

या सगळ्या बेरजेत एकच आकडा बसत नव्हता. तो म्हणजे तिची आई, आक्काबाई.

आक्काबाई पारनेरला आपल्या दोन खोल्यांत एकटी राहते. बिचारी एकटी, असं मनात धरून जो कोणी तिच्याकडं जातो, तो दोन मिनिटांत खाली मान घालून बाहेर येतो. आळीतली तान्ही पोरं न्हाऊ घालावीत तर तिनंच. वर्षावासाचे तीन महिने विहारात बायकांपुढं ग्रंथ वाचावा तर तिनंच. चार पोरं झाल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून बाराखडी शिकलेली ही बाई, पण वाचायला लागली की ओळीच्या शेवटी असा श्वास घ्यायची, की पुढच्या ओळीत काय आहे याची ऐकणारीला घाई व्हावी. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या दिवशी शेवटचं पान वाचायचा मान तिचा. तो कोणी दिलेला नव्हता. तिनं घेतलेला होता.

यंदा मात्र अक्षरं फुटायला लागली. डोळ्यांत मोतीबिंदू. महिनाभर आक्काबाईनं कोणाला पत्ता लागू दिला नाही. पाठ असलेलं म्हणत ती पानं उलटत राहिली. एके दिवशी दोन पानं एकदम उलटली गेली, आणि आवाज मात्र मधलं पानही बिनचूक म्हणत गेला, तेव्हा कुठं बायकांच्या लक्षात आलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पिकलाय. येत्या मंगळवारी करून टाकू. त्यानंतर माझ्याकडं दिवाळीपर्यंत जागा नाही." मंगळवारी झालं तर पौर्णिमेपर्यंत डोळा निवळून चष्मा मिळत होता. नाही झालं, तर शेवटचं पान दुसरं कोणीतरी वाचणार होतं.

सत्यशीलानं मंगळवारवर बोट ठेवलं आणि टेम्पो घेऊन पारनेरला गेली. टेम्पोत मागं टोमॅटोच्या रोपांचे ट्रे होते.

आक्काबाई ओट्यावर लसूण सोलत होती. टेम्पोचा आवाज ओळखून तिनं मान वर केली.

"आलीस? कुठं चाल्लीस?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न. दुसऱ्यांच्या आया 'कशी आहेस' विचारतात, हिची 'कुठं चाललीस' विचारायची.

"कुठं म्हणजे? तुझ्याकडंच आले."

"गाडीत काय हाय?"

"टोमॅटो आहे. पुढं छगनभाऊंना द्यायचाय."

"मग छगनकडं चाल्लीस म्हन की. मी वाटंत लागले."

सत्यशीलानं ते कानाआड केलं आणि मंगळवारची आखणी मांडली. आखणी देखणी होती. सकाळी लवकर आक्काला उचलायचं, नगरला दवाखान्यात सोडायचं, आत ऑपरेशन चालू असताना बाहेर सत्यशीला बियाणं आणि ट्रेत भरायचं कोकोपीट खरेदी करणार, दुपारी आक्का पट्टी बांधून तयार, टेम्पोत गादी टाकून सरळ राहुरी. "मला मंगळवारी नगरला जायचंच होतं, आक्का. एका फेरीत दोन्ही कामं होतील."

आक्काबाईनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"म्हंजे बियान्याच्या पोत्यावर माझा डोळा फुकट."

"असं काय बोलतेस!"

"मंग कसं बोलू? तू माझ्याकडं येतीस, तवा तुझ्या हातात एक तरी चावी असती नायतर पिशवी. बुड टेकाया आदी घड्याळ बघतीस. मी काय तुझा ष्टॉप हाय व्हय? गाडी थांबली, मानसं उतारली, गाडी गेली."

"मी दर पंधरवड्याला येते! दुसऱ्यांच्या लेकी वर्षात येत नाहीत."

"त्या येतात तवा येतात तरी." आक्काबाई उठली, ताटली उचलली. "मी न्हाई येत मंगळवारी. ज्या दिशी सहज येशील, त्या दिशी बोलू."

"सहज म्हणजे?"

"सहज म्हंजे सहज. काम नसताना."

सत्यशीला परतीच्या वाटेवर हा शब्द तोंडात घोळवत राहिली. खडीसाखरेसारखा तो विरघळेना. आजवर तिच्या दारात कोणी "सहज आले होते" म्हणत आलं, तर तिनं मनातल्या मनात पाच मिनिटं मोजली होती. सहावं मिनिट उजाडायच्या आत त्या सहज आलेल्या माणसानं उसने पैसे, सही नाहीतर ओळखीचं पत्र मागितलंच होतं. सहज ही जात तिनं पाहिलेलीच नव्हती.

पण मागणी आली होती, आणि मागणी आली की पुरवठा करायचा, एवढा धंदा तिला येत होता.

रविवारी ती रिकामा टेम्पो घेऊन गेली. एक ट्रे नाही, एक रोप नाही. आक्काबाईनं टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून हात फिरवून खात्री केली, ओठ दुमडले, आणि चहा टाकायला आत गेली. सत्यशीलाला वाटलं, जिंकले. पण टेम्पोच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत 'प्रज्ञा नर्सरी, राहुरी' रंगवलेलं होतं, आणि ते वाचायला पारनेरच्या सगळ्यांचे डोळे शाबूत होते. चहाला उकळी यायच्या आत छगन दारात उभा. हातात कोबीचं पान.

"ताई, बरं झालं भेटल्या! गाडी दिसली म्हनून आलो. हे डाग बघा जरा."

"छगनभाऊ, आज नको. आज मी सहज आलेय."

"व्हय व्हय, मी पन सहजच आलोय. तेवढं पान बघा."

सत्यशीलानं पानाकडं पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाहिलं. एकदा पाहिल्यावर तिचा हात आपोआप पुढं झाला, पान उजेडात धरलं गेलं, मग कुठलं औषध, किती पाण्यात, संध्याकाळीच का मारायचं, सगळं तिच्या तोंडून धो धो वाहिलं. छगन मोबाईलवर औषधाचं नाव टिपून घेत होता. आक्काबाईनं तिसरा कप आणून त्याच्या हातात दिला.

"घे रं छगन. लई सहज चाललंय आज."

सोमवारी नर्सरीत रुमानाच्या पुढ्यात सत्यशीलानं हे सगळं ओतलं. रुमाना शेख तिचा उजवा हात. रोपं मोजण्यात तिला तोड नाही आणि मालकिणीला चिमटे काढण्यातही नाही. ती ट्रेमधल्या मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, एक बोलू? गाडी घेऊन सहज जाता येत नाही."

"मग कशी जाऊ?"

"एसटीनं. आणि मोबाईल इथं ठेवून."

"मोबाईल ठेवून?" सत्यशीलानं कुणी किडनी मागितल्यासारखं पाहिलं.

"गिऱ्हाइकांना मी सांगते ना. सांगते, ताई सहज गेल्यात."

"मंगळवार उद्यावर आलाय, रुमाना."

"म्हणून तर आत्ताच जा. अकराची गाडी मिळेल."

मनात आलेली गोष्ट लांबणीवर टाकायची सवयच नव्हती. सत्यशीलानं चपला झटकल्या आणि सवयीनं म्हणाली, "जातेच आहे तर..."

रुमानानं नुसतं पाहिलं.

"काही नाही," सत्यशीला म्हणाली, आणि मोबाईल तिच्या हातात ठेवून रस्त्याला लागली.

बायकांच्या अर्ध्या तिकिटात नगर आलं. पारनेरची गाडी लागायला अवकाश होता, आणि स्टँडाच्या समोरच्या रांगेत बियाण्याचं दुकान उघडं होतं. सत्यशीलानं बाकावर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली. दुकानदारानं तिला तिथून ओळखलं, हात केला. तिनंही हात केला आणि मान फिरवली. बिचारा दिवसभर विचार करत बसला असेल, बाईचं कोणी आपल्याविरुद्ध कान भरले का. मग तिला वाटलं, रिकाम्या हातानं माहेरी कसं जायचं? केळी घ्यावीत. पण केळी आणणं हे काम धरायचं की नाही? गाडी लागेपर्यंत तिनं या प्रश्नाचा जेवढा विचार केला, तेवढा नर्सरीचं कर्ज काढताना केला नव्हता. शेवटी घेतली अर्धा डझन. केळी सहज असतात, असं तिनं ठरवून टाकलं.

आणि पारनेरला पोचली तर दाराला कुलूप.

शेजारच्या बायडाबाई वाळवण उलथत होत्या. "कोन, सत्यशीला? जयभीम गं! आक्काबाई व्हय? त्यांना कुठं येळ! सकाळी विहारात गेल्त्या, तिथून रंगनाथच्या नातवाला न्हाऊ घालायला. बाळ नवं हाय, लई रडतंय, टाइम लागंल." मग त्यांची नजर रस्त्याकडं गेली. "गाडी कुठं लावली?"

"गाडी नाही आणली. एसटीनं आले."

"एसटीनं?" बायडाबाईंचा उलथणारा हात थांबला. "मंग आक्काबाईंला फोन करायचा न्हाई का निघताना?"

"मोबाईल घरीच राहिला. म्हणजे ठेवला."

"ठेवला." बायडाबाईंनी तो शब्द चाखून पाहिला. "काय काम काढलं असं?"

"काही नाही हो मावशी. सहज आले."

बायडाबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून सत्यशीलाच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि वाळवण तसंच टाकून लगबगीनं गल्लीच्या टोकाकडं चालू लागल्या.

सत्यशीला ओट्यावर बसली. समोर कडुलिंबाखाली एक शेळी उभी होती. सत्यशीला शेळीकडं पाहत होती, शेळी सत्यशीलाकडं. ओट्याच्या कोपऱ्यात केरसुणी दिसली, तिनं उचलली, दोन हात मारले, आणि 'हे काम झालं' असं लक्षात येऊन परत ठेवली. मग हातांना काहीच उरलं नाही. हळूहळू तिला आळीचे आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले. कुणाचा कुकर, कुणाचा रेडिओ, लांब कुठंतरी रडणारं तान्हं, आणि त्याला दटावणारा एक ओळखीचा आवाज. आक्काचाच. इतकी वर्षं इथं येऊन तिनं आईचा हा पोरं न्हाऊ घालतानाचा आवाज ऐकला नव्हता. तो ऐकायला ती लहानपणीच काय ती बसली होती, तेही पाटावर, अंगाला तेल माखून.

आवाज मधेच तुटला. तान्हं एकटंच रडत राहिलं.

आणि गल्लीच्या टोकातून आक्काबाई आली. कोपरापर्यंत तेल, लुगडं गुडघ्यापाशी खोचलेलं, एरवी भिंत चाचपत चालणारी बाई दगड न पाहता धावत होती. मागं बायडाबाई, त्यांच्या मागं आणखी दोघी.

"काय झालं? काय झालं सत्ये?"

"काय व्हायचंय?"

आक्काबाईनं तेलकट हातांनी तिचं तोंड धरलं आणि जमेल तेवढं डोळ्यांजवळ आणून निरखलं. "हात उगारला का त्यानं? खरं सांग. घाबरू नगस. मी आजून मेले न्हाई."

"कुणी? अगं, कुणी हात उगारला?"

"कल्यान! दुसरा कोन?"

सत्यशीला आधी बघत राहिली, मग तिला उमगलं. आगाऊ फोन नाही, गाडी नाही, मोबाईल नाही, हातात पिशवी नाही, भर कामाच्या दिवशी माहेरच्या ओट्यावर बसलेली बाई. या आळीनं आजवर अशा जेवढ्या बाया पाहिल्या, त्या सगळ्या भांडून आलेल्या होत्या. आणि त्यातल्या प्रत्येकीनं पहिल्यांदा हेच सांगितलं होतं.

"आक्का, मी सहज आले."

"सगळ्या आसंच म्हनतात," मागून बायडाबाई म्हणाल्या.

"अहो खरंच सहज!"

"माझी सुमन पन खरंच म्हनायची. तिसऱ्या दिशी रडली."

सत्यशीलानं कपाळावर हात मारला. तूच म्हणालीस ना सहज ये, म्हणून आले, असं तिनं तीन प्रकारे समजावून पाहिलं. आक्काबाईला काही पटेना. "त्ये मी रागानं बोलले. तू काय माझ्या बोलन्यानं नर्सरी टाकून येनारी हायस? काय ते खरं बोल." शेवटी तिनं कमरेचा छोटा मोबाईल काढला आणि जावयाला लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची तिची पद्धत, त्यामुळं पुढचं सगळं आळीनं ऐकलं.

"जयभीम आत्याबाई," पलीकडून कल्याण.

"जयभीम. सत्यशीला इकडं आलीया."

"हो का? मला रुमानानं सांगितलं, ती सहज गेलीय. मला वाटलं, सहज नावाची कुठली नवी कंपनी आहे बियाण्याची."

"तुमचं भांडन झालंय का? खरं सांगा. मी कुनाची बाजू घेनार न्हाई." हे ती जावयाची मान हातात आल्यासारखी म्हणाली.

"भांडण?" कल्याण मनापासून हसला. "आत्याबाई, माझ्याशी भांडायला तिला वेळ कुठाय? गेल्या दिवाळीला एक भांडण राहिलंय, ते अजून पुढं ढकलतोय आम्ही."

गल्लीत पहिल्यांदा बायडाबाई हसल्या. मग त्यांच्या मागच्या दोघी. आक्काबाईनं फोन बंद केला, लेकीकडं वळली आणि तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मग ओट्यावरची केळी चाचपून बघितली.

"ही कशाला?"

"सहज," सत्यशीला म्हणाली.

आता आक्काबाईला हसू आवरेना. हसता हसता ती लेकीच्या शेजारी ओट्यावर बसली, लुगड्याच्या पदराला हात पुसले, एक केळ सोलून अर्धं तिला दिलं, अर्धं आपण खाल्लं. शेळी जवळ आली, तिला साल मिळालं.

"आगं बया," थोड्या वेळानं आक्काबाई एकदम उठली, "रंगनाथचा नातू! त्याचा एक पाय चोळायचा ऱ्हायलाय. सून बसली आसंल पाट धरून."

"जा की मग."

"तू?"

"मी बसते. मला काय काम आहे?"

ती बसली, मग आडवी झाली, आणि भर दुपारी माहेरच्या ओट्यावर गाढ झोपली. ते पाहायला बायडाबाई दोनदा येऊन गेल्या.

उठली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या आणि आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सत्यशीला चुलीपाशी जाऊन बसली. मंगळवारचा विषय काढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. काढला तर दिवसाचं सहजपण गेलं. तिनं पाण्याचा घोट घेतला, उगीच तव्याकडं पाहिलं.

आक्काबाईनं भाकरी उलटली.

"उद्या किती वाजता जायाचं?"

"कुठं?" सत्यशीलानं अगदी भोळेपणानं विचारलं.

"वेड पांघरू नगस. डाक्टरकडं. तू आज ऱ्हा हितंच. कल्यानला सांग, सकाळी गाडी घेऊन नगरला ये म्हनावं, आपुन एसटीनं जाऊ." भाकरी फुगली, तिनं ती फडक्यानं दाबली. "शेवटलं पान मीच वाचनार हाय. ती सुलोचना टपून बसलीया."

"बरं."

"आन काय गं, जातेच हाय तर..."

सत्यशीलाच्या हातातला तांब्या थांबला.

"...जातेच हाय तर रंगनाथच्या नातवाला बारशाचं टोपडं घिऊ. नगरला चांगलं मिळतंय. आन माझ्या आत्याची सून त्याच दवाखान्याच्या मागं ऱ्हाती, तिच्या घरी तोंड दाखवून यिऊ, दोन वर्सं बोलावतीया. आदी तिकडं, मंग डोळा. डोळ्याला पट्टी बांदल्यावर कुनाचं तोंड दिसतंय? विहाराला घंटी घ्यायचीय, ती तू बग मी आत आसताना. हसतीस काय?"

"काही नाही," सत्यशीला म्हणाली. "सहज."

"आन तुझं बियानं?"

"ते मी बुधवारी जाऊन आणीन, आक्का."

आक्काबाईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडून लेकीकडं पाहिलं. अशी बेहिशोबी पोर आपल्या पोटी कशी आली, असं ते पाहणं होतं.

"बुधवारी? त्याच रस्त्यानं परत?" ती म्हणाली. "जातोच हाय तर!"